नवा कारागीर

"वहिनी, पाव बदललाय."

चष्मेवाले काका काउंटरपाशी उभे राहूनच पावाचा तुकडा मोडून खात होते. समोरच्या चष्म्याच्या दुकानातून ते रोज संध्याकाळी पाव घ्यायला येत आणि घरी नेण्याआधी त्यातला निम्मा इथेच संपवत. आज मात्र पहिला घास तोंडात तसाच धरून त्यांनी डोळे मिटले होते.

वहिनीने सुटे पैसे मोजायचे थांबवले.

"बदललाय म्हणजे? बरा नाही लागत?"

"बरा नाही? अहो, गेले काही महिने तुम्ही आम्हाला जे खायला घालत होतात ना, त्याने माझी दाढ हलायला लागली होती. हा पाव आहे, पाव! केला कोणी?"

"नवा कारागीर ठेवलाय," वहिनी म्हणाली. हे वाक्य कुठून आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"कुठला?"

"लांबचा आहे."

"नाव काय?"

इथे वहिनीची गाडी अडली. एवढा विचार तिने केलाच नव्हता. "तो… फारसा बोलत नाही," ती म्हणाली.

"मी नाव विचारलं, स्वभाव नाही विचारला." काका हसले. "असू दे. अबोल तर अबोल. त्याला सांगा, हात सोन्याचा आहे म्हणावं."

झालं. त्या दिवसापासून बेकरीच्या नव्या कारागिराचं नाव गल्लीत अबोल पडलं.

खरं तर कारागीर वगैरे कोणी नव्हतंच. भिंतीपलीकडे भट्टीघरात कोपरापर्यंत पिठाने माखलेला जो माणूस श्वास रोखून हे सगळं ऐकत होता, तो वहिनीचा नवरा होता. आणि गल्लीच्या माहितीप्रमाणे हा नवरा त्या वेळी दूरच्या एका शहरात, एका बड्या हॉटेलात, लोकांना पाव करायला शिकवत होता.

हॉटेल ही सासूबाईंची निर्मिती. वर्ष सरायला आलं होतं त्या गोष्टीला. एका सकाळी तो भट्टीसमोरच्या स्टुलावर बसला तो उठलाच नाही. मळलेलं पीठ फुगून परातीबाहेर आलं, ओट्यावरून खाली उतरायला लागलं, आणि तो नुसता बघत राहिला. वहिनीने हाक मारली तर म्हणाला, "माझे हात उचलवत नाहीत गं." हातांना काहीही झालेलं नव्हतं. त्यानंतर तो वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवताना मध्येच डोळ्यांतून पाणी यायचं. मग ताट तसंच ठेवून तो सगळ्यांची माफी मागायचा. कशाबद्दल ते विचारलं तर सांगता यायचं नाही. मोठ्याने हसणारा, ट्रे आपटत काम करणारा माणूस असा हळू आवाजात माफी मागताना पाहून वहिनीला ब्रह्मांड आठवायचं.

"आधी खिडकी लाव," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आणि तोंडाला कुलूप घाल."

"आई, डॉक्टरकडे न्यायला हवं त्यांना."

"मग ने ना, मी कुठे नको म्हणते? पण लांबच्या डॉक्टरकडे ने. गल्लीत ब्र निघता कामा नये. आपलं कापडाचं दुकान असतं तर गोष्ट वेगळी होती. डोकं फिरलेल्याच्या हातचं खाणार कोण?"

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्या घाबरलेल्या होत्या, आणि त्यांची भीती जुनी होती. सासऱ्यांनाही ऐन उमेदीत असंच काहीसं झालं होतं. तेव्हा सासूबाईंनी काही लपवलं नव्हतं. कोणी विचारलं की खरं ते सांगत. मग एके दिवशी एक गिऱ्हाईक बाई आली, सकाळी नेलेला पाव तिने न बोलता काउंटरवर परत ठेवला आणि निघून गेली. बस, एवढंच. सासूबाईंनी त्याच दुपारी नवऱ्याला वर नेलं आणि गल्लीला सांगून टाकलं, की तो डोक्याचा त्रास तात्पुरता होता, तो गेला; आता त्यांची कंबर धरली आहे, जिना उतरवत नाही. पुढे कित्येक वर्षं त्या माणसाची ठणठणीत कंबर दुखत राहिली. लोक आपुलकीने तेल आणून देत, पट्टे आणून देत. पाहुणे आले की सासरे पट्टा बांधून बसत. ते गेले तेव्हाही लोक हळहळले ते त्यांच्या कमरेबद्दल. भट्टीपाशी ते पुन्हा कधी उतरले नाहीत.

तेव्हा मुलाला थेट परगावी धाडण्यात सासूबाईंना काही जड गेलं नाही. वहिनी मात्र खोटं बोलण्यात अगदीच कच्ची होती. कोणी विचारलं, "काय म्हणतात तुमचे हे?" की तिचे कान लाल व्हायचे. सासूबाई लगेच सावरून घ्यायच्या, "खूश आहे तिकडे! ते लोक सोडतच नाहीत त्याला." बोलता बोलता त्यांनी त्याला दोनदा बढती दिली, राहायला फ्लॅट दिला. वरच्या खोलीत पडल्या पडल्या त्याला हे सगळं ऐकू यायचं.

भट्टी सांभाळायला मावसदीर आला. मूळचा ट्रकवर ड्रायव्हर. मनाने चांगला, पण पिठाशी त्याची जन्माची दुश्मनी. त्याच्या पावाने गल्लीच्या दाढा हलल्या. तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, लोक कुरकुरत का होईना घेत राहिले. वहिनी पहाटे उठायची, दिवसभर काउंटरवर उभी राहायची, दर पंधरवड्याला नवऱ्याला मागच्या दाराने बाहेर काढून, दोन बस बदलून डॉक्टरांकडे न्यायची, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना आपण बहिणीकडे गेलो होतो म्हणून सांगायची. बहिणीची तब्येत कशी आहे, असंही लोक विचारायला लागले. आता कोण आजारी, कोण परगावी आणि कोणाला काय सांगितलंय, याचा ताळमेळ ठेवता ठेवता तिची झोप उडाली होती. अंथरुणावर पडलं की उद्या काय सांगायचं तेच डोक्यात घोळायचं. केस मूठमूठ गळायचे. पण ती काउंटरमागे हसत उभी राहायची, कारण तिचं तर सगळं छान चाललं होतं. नवरा मोठ्या हॉटेलात होता ना!

डॉक्टर बाई भल्या होत्या. गोळ्या दिल्याच, शिवाय म्हणाल्या, "हातांना थोडं थोडं काम मिळू दे. जमेल तेवढंच. जमलं नाही तर नाही."

तो काही ऐकल्यासारखा दिसला नाही. मग एका दुपारी दुकानाचं शटर खाली होतं, मावसदीर पीठ मळत घाम गाळत होता, आणि आतल्या जिन्यावरून पावलं वाजली. तो खाली आला. परातीत एक बोट खुपसलं आणि म्हणाला, "हे काय आहे?"

कित्येक महिन्यांत त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. वहिनी पटकन कोठीत शिरली आणि मैद्याच्या पोत्यांमागे तोंड दाबून रडून घेतलं. मावसदीराने तर सुटलो एकदाचा म्हणून हात जोडले आणि आठवडाभरात पुन्हा ट्रक गाठला.

असा अबोल जन्माला आला. दुपारी शटर पडलं की तो खाली यायचा, शटर उघडायच्या आत पाव भाजून वर जायचा. कधी उशीर झालाच तर भट्टीघराचं दार लावून आत बसायचा. रोज जमायचंच असं नाही. एखाद्या दुपारी जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबायचा, तिथूनच मागे फिरायचा. मग वहिनी ठेवणीतले टोस्ट काढायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "आज अबोलची सुट्टी."

अबोलचा पाव गल्लीला भलताच आवडला. आणि तो आवडला तशा लोकांच्या चौकशाही वाढल्या. राहतो कुठे? जेवतो कुठे? घरी कोण कोण? वहिनीची पुन्हा त्रेधा. सासूबाईंनी पदरचं घातलं, "कोणी नाही हो त्याला. अनाथ आहे बिचारा." सख्ख्या मुलाला अनाथ करून त्या निवांत चहा प्यायला बसल्या.

मग निरोप यायला लागले. सुरुवात चष्मेवाल्या काकांनी केली. पैसे देता देता म्हणाले, "अबोलला सांगा, काल सुट्टी घेतली ते बरं केलं. पाव एक दिवस नसला म्हणून कोणी मरत नाही. घाई नको म्हणावं."

वहिनीला राग आला. पावाची घाई कारागिराला नसेल तर कोणाला असेल? शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी नर्स म्हणाली, "त्याला म्हणावं, सारखा भट्टीपाशी बसू नकोस. मागच्या बोळात दुपारी चिटपाखरू नसतं. तिथे चार पावलं टाकत जा, झोप चांगली लागते." लॉन्ड्रीवाला म्हणाला, "माझ्या धाकट्या भावालाही सुरुवातीला कामाचं असंच व्हायचं. दोन दिवस जमायचं, तिसऱ्या दिवशी नाही. आता मस्त आहे. सांगा त्याला."

"लोकांना उद्योग नाहीत," वहिनी वर येऊन नवऱ्याला सांगायची. "तुझी झोप, तुझी सुट्टी, सगळ्याची पंचाईत त्यांना!" एकट्यात ती त्याला अरे-तुरे करायची, आईंसमोर अहो-जाहो.

तो नुसता ऐकून घ्यायचा. पण दोन दिवसांनी तो मागच्या बोळात जाऊन आला. आणि एकदा, कूस बदलता बदलता, म्हणाला, "लॉन्ड्रीवाल्याच्या भावाला काय झालं होतं गं?"

"मला काय माहीत? मी विचारलं नाही."

"विचार ना."

तिने विचारलं नाही. विचारलं की चार प्रश्न उलटे येतात, हे ती अनुभवाने शिकली होती.

त्यानंतर एका संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, समोरच्या घरातली मावशी आली. लॉन्ड्रीवाल्याची आई. वयाने सासूबाईंच्या बरोबरीची, गुडघ्यांनी दमलेली, जिभेने अजिबात न दमलेली. तिने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि आवाज खाली आणला.

"एक काम आहे तुझ्याकडे. तुमच्या त्या अबोलसाठी स्थळ आणलंय."

वहिनीच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. "स्थळ?"

"माझ्या नणंदेची नात. शिकलेली आहे, कामसू आहे. मुलगा अनाथ असला म्हणून काय झालं? एवढा गुणी हात आहे."

"अहो मावशी, ते… नाही जमायचं."

"का? मुलीत काय कमी आहे?"

"तसं नाही." वहिनीचे कान तापले. सासूबाई नेमक्या वर होत्या. "त्याचं लग्न झालंय."

"असं होय? परवापर्यंत तर त्याला कोणीच नव्हतं."

"नाही म्हणजे… आहे. बायको आहे."

"कुठे असते ती?"

"इथेच," वहिनी म्हणून गेली, आणि तिने जीभ चावली.

मावशीने ट्रेमधला चिमटा उचलून वहिनीच्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला.

"मग त्याच्या बायकोला माझा एक निरोप दे," ती म्हणाली. "म्हणावं, पोरी, तू फार वाळलीस. एकटीने किती रेटशील?"

वहिनी बघतच राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. 'छे हो, ती मजेत आहे' असं काहीतरी. नेहमीचं हसूही तिने चेहऱ्यावर आणून पाहिलं, पण ते आलं नाही. आलं ते रडू. इतक्या जोरात, की तिला काउंटर धरावं लागलं. मावशी काउंटरची फळी उचलून आत आली आणि तिला मैद्याच्या पोत्यावर बसवून पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कधीपासून माहीत आहे?" हुंदके जरा थांबल्यावर वहिनीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. अगं, तुझ्या सासऱ्याने त्याला शिकवलं तेव्हापासून त्याच्या हातचा पाव खातोय आम्ही. हात ओळखू येत नाही होय? चष्मेवाला पाव घेऊन परत आला तेव्हाच रस्त्यात मला म्हणाला, मावशी, पोरगं खाली उतरलं वाटतं."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"बहुतेकांना. कोपऱ्यावरच्या शिंप्यालाही माहीत आहे, त्याने तुमच्याकडून घेणं सोडलंय."

"मला वाटलं ते गावाला गेलेत."

"कुठला गावाला? पलीकडच्या चौकातून आणतो. आणू दे. माझा धाकटा असाच आजारी होता, तेव्हा आमच्याही घरी यायचा बंद झाला होता. त्याच्यावाचून आमचं काही अडलं नाही." मावशीने पदराने तिचे डोळे पुसले. "तुम्हीच झाकत होता, मग आम्ही कसं उघडं करायचं? म्हणून हे अबोलचं नाटक. आज मात्र तुझं तोंड बघवेना."

भट्टीघराचं दार हळूच उघडलं. तो दारात उभा होता, पिठाचे हात तसेच लोंबत सोडून. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "काय रे," ती म्हणाली, "लग्न झालेला निघालास. नणंदेला आता काय सांगू मी?"

तो हसला. आवाज फारसा फुटला नाही, पण खांदे हलले. वहिनीने ते पाहिलं आणि तिला पुन्हा रडू आलं. या वेळी तिने ते अडवलं नाही.

वर सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी भडकल्या. "कोणी सांगितलं त्यांना? तूच बोलली असशील!" मग सगळं ऐकून झाल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हणजे माहीत असून खात होते?"

"हो आई."

"याच्या हातचं आहे हे माहीत असून?"

"म्हणूनच जास्त घेत होते, मावशी म्हणाल्या."

सासूबाईंनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. मग त्यांनी न रडता, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "मग मी तुझ्या सासऱ्यांना उगाचच वर बसवलं."

मुलगा त्यांच्याशेजारी येऊन बसला. "आई, तेव्हाची माणसं वेगळी असतील."

"माणसं हीच होती रे. मावशी तेव्हाही समोरच राहत होती. एकीने पाव परत आणून ठेवला आणि मी सगळ्यांनाच दार लावून घेतलं. बाकीच्यांना विचारलंच नाही मी कधी."

मुलाने आईचा हात हातात घेतला. पीठ लागलं तरी तिने तो काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर वर गेलं तेव्हा काउंटरमागे तो उभा होता. हे काही आधी ठरलं नव्हतं. पाव भाजून झाल्यावर त्याने हात धुतले, स्वच्छ ॲप्रन घातला आणि वर जायच्या ऐवजी दुकानात आला. वहिनी बाजूला सरकली. बाहेर चार-सहा माणसं उभी होती. आज भट्टीवरचा अबोल नव्हता, प्रत्यक्ष माणूसच समोर होता. वहिनीच्या मनात आलं, आता कोणी नुसतं मागे वळलं तरी हा पुन्हा खाली उतरायचा नाही.

चष्मेवाल्या काकांनी घसा साफ केला. "काय, कधी आलास परगावाहून?"

ती भल्या माणसाने पुढे केलेली पळवाट होती. 'काल आलो' म्हटलं की विषय संपला असता.

"गेलोच नव्हतो काका," तो म्हणाला. "आजारी होतो. मनाने. अजून आहे थोडा."

लाइनीत मागे गल्लीत नव्यानेच राहायला आलेली एक बाई उभी होती. तिने पिशवीची घडी घातली आणि ती सावकाश निघून गेली. ते सगळ्यांनी पाहिलं, त्यानेही पाहिलं.

"बरं झालं सांगितलंस," काका म्हणाले. "मला दोन दे. आणि हे बघ, कालचा तळाला जरा करपला होता."

"करपला नव्हता. खरपूस होता तो."

"करपला होता!"

"काका, चष्मा बदला."

लाइनीत कोणीतरी फसकन हसलं. नर्सने आपली पिशवी पुढे केली. लॉन्ड्रीवाल्याने सहा पाव मागितले आणि वर भाऊ रविवारी येणार आहे, भेटायचं असेल तर भेट, असंही सांगितलं. तो पाव उचलत होता, कागदात बांधत होता, पुढे सरकवत होता. मध्येच एकदा तो आत गेला, पोत्यावर डोकं धरून बसला. लोक उभे राहिले. सासूबाई खाली आल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबल्या. थोड्या वेळाने तो उठून परत आला. ज्याची पाळी होती त्याने पिशवी पुढे केली.

"तू जा आता वर," गर्दी सरल्यावर तो वहिनीला म्हणाला. "झोप जरा. मी आहे, आई आहे."

"आत्ता? उजेडात कसली झोप?"

"जा म्हणतोय ना."

ती वर गेली. खोलीची खिडकी तिने सवयीने लावायला घेतली आणि तशीच उघडी ठेवली. पलंगावर आडवी झाली तेव्हा उद्या कोणाला काय सांगायचं ते आठवायचा तिने प्रयत्न केला, पण सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. अंग असं सैल पडलं, की पायही आपले नाहीत असं वाटावं. खालून ट्रे आपटल्याचा आवाज आला. मग कोणाचा तरी, बहुधा नर्सचाच, आवाज, "आजी, वहिनी कुठे गेल्या? दिसत नाहीत."

"बाहेर…" सासूबाईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या.

वहिनी अर्धवट झोपेत ऐकत होती.

"वर झोपलीय," सासूबाई म्हणाल्या. "फार दमलीय गं ती."